बोलकी शिडी

लोक मला विचारतात, या वयात भाषण करायला कशाला शिकलात? मी सांगते, धंदा वाढवायला. ते काही खोटं नाही, धंदा वाढलाच. पण खरं कारण वेगळं आहे. मला माझ्या दिराला गप्प करायचं होतं. घरात, दार लावून नाही. सगळ्यांच्या देखत. ज्या मंचावर त्यांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला, त्याच मंचावर.

आता कोणी म्हणेल, घरच्या माणसाबद्दल असं बोलू नये. नये तर नये. मी बोलणार.

आमचा शिड्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. एका टोकाला नळ्या कापायचं मशीन, दुसऱ्या टोकाला ड्रिल, आणि मधे माझं जोडणीचं टेबल. ॲल्युमिनियमचा कीस केसांत जातो, चहात जातो, अंथरुणातसुद्धा सापडतो. घडीच्या शिड्या बनवतो आम्ही. रंगारी, वीजवाले, गिलावा करणारे, सगळ्यांना लागतात त्या. सासरे गेले तेव्हा कारखाना तिघांच्या गळ्यात पडला. माझा नवरा नळ्या कापायचा, मी जोडणी करायची, आणि धाकटे दीर बोलायचे.

होय, बोलायचे. तेच त्यांचं काम. शाळेत असल्यापासून वक्तृत्वाचे पेले आणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नववीत होते. भाषणाच्या दिवशी त्यांच्या शर्टाला इस्त्री मी करायची, आणि ते आरशासमोर हातवारे करत असताना कागद हातात धरून पाठांतर मीच तपासायची. अडले की शब्द सुचवायची. तेव्हा कौतुक होतं हो. तेव्हापासून मी त्यांना 'वक्ते' म्हणते. आधी लाडाने म्हणायची, आता दात-ओठ खाऊन म्हणते.

नवऱ्यालाही मी नाव ठेवलंय, 'जाऊदे'. दुधवाल्याने पाणी घातलं, जाऊ दे. गिऱ्हाइकाने शिव्या दिल्या, जाऊ दे. माणूस लाखात एक, पण त्यांच्या 'जाऊ दे'त माझं अर्धं आयुष्य गेलं.

हे जाऊदे एकदा आमच्याच शिडीवरून पडले. त्या काळी शिडी उघडली की मधला आकडा हाताने अडकवायला लागायचा. घाईत माणूस विसरतो. हे छपराचा पत्रा बघायला चढले, आकडा विसरले, शिडीचे पाय फाकले आणि हे खाली. मनगट मोडलं. मला आधी रडू आलं आणि मग असा संताप आला! अरे, बनवणारा विसरतो, तर दिवसभर डोक्यावर ऊन घेऊन रंग मारणाऱ्याने कसं लक्षात ठेवायचं? मी म्हटलं, शिडीनेच सांगायला पाहिजे.

मग मी खटक्याच्या मागे लागले. शिडी पूर्ण उघडली की आपोआप खाली पडून अडकेल असा खटका. किती पत्रे वाया घालवले विचारू नका. पातळ पत्र्याचा खटका वाकायचा, जाड पडायचाच नाही. स्प्रिंग कडक झाली की अंगठा सोलून निघायचा. शेवटी जमला. जाड पोलादी पट्टीचा, मागे छोटी स्प्रिंग. शिडी उघडली की पडतो आणि आवाज करतो, खट्! एवढा खणखणीत की खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. खट् झालं की चढा. नाही झालं तर चढू नका. वाचायला नको की शिकवायला नको. पहिल्यांदा तो खट् ऐकला तेव्हा मी एकटीच होते, आणि एकटीच टाळ्या वाजवून घेतल्या.

रंगारी आणि बांधकामवाल्यांची संघटना दर वर्षी एक मेळावा भरवते. शिड्यावाले, ब्रशवाले, रंगवाले आपापला माल मांडतात, मंचावर येऊन दोन शब्द बोलतात, आणि शेवटी संघटना ठरवते की वर्षभर सभासदांनी कोणाच्या शिड्या घ्यायच्या. ते काम मिळालं की वर्ष निघतं. नाही मिळालं की मशीनवर कापड टाकून बसायचं. तर त्या वर्षी आमचे वक्ते माझी शिडी घेऊन मंचावर गेले. ते शिडीवर कधी चढत नाहीत, शेजारी उभे राहतात आणि तिच्या दांड्यावर असा हात ठेवतात जसा काही तिला त्यांनीच लहानाचं मोठं केलंय.

"माझा भाऊ पडला," ते म्हणाले, आणि थांबले.  "त्या दिवशी मी ठरवलं. शिडीने बोललं पाहिजे. मी झोपलो नाही. मी खाल्लं नाही. आणि मी ही बनवली. बोलकी शिडी!"

नाव त्यांनीच ठेवलं, ते मान्य. नाव चांगलं आहे. पण मी मागच्या रांगेत बसून वाट बघतेय, आता म्हणतील वहिनी, आता म्हणतील वहिनी. टाळ्या पडल्या, हार घातला, ते उतरले. माझा अंगठा अजून सोललेला होता. मी शेजारी बघितलं तर जाऊदेही टाळ्या वाजवत होते. माझं तोंड बघून थांबले आणि म्हणाले, "जाऊ दे गं."

घरी आल्यावर मी वक्त्यांना धरलं. "भावोजी, खाल्लं नाही म्हणे तुम्ही? माझ्या हातचं दोन वेळा वाढून घेत होतात, ते कोण होतं?"

ते हसले. "वहिनी, आपण काय वेगळे आहोत का? आपणच बनवली ना?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. या माणसाकडे काम असलं की 'आपण' येतं. "वहिनी, आपण रविवारी तेवढ्या शिड्या संपवून टाकू." म्हणजे मी संपवायच्या. टाळ्या आल्या की 'मी'. आणि बोलणी खायची वेळ आली की 'आम्ही'. "आमच्याकडून चूक झाली असेल." भाषेचा असा उपयोग मी तरी दुसऱ्या कोणाला करताना बघितलेला नाही.

ते काम मिळालं, आणि मिळाल्यावर वक्ते म्हणाले, "वहिनी, खटक्याची पट्टी पातळ करू. आतली पट्टी कोण बघतंय?"

मी म्हटलं, "तुमच्या भावाचं मनगट बघतंय."

ते चिडले, मी चिडले, आणि जाऊदेंनी दोघांना जाऊ दे म्हणून बघितलं. शेवटी फाटलंच. दुकान, दुकानाचा फोन, पाटी आणि सगळी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे गेली, कारण गिऱ्हाइकांना त्यांचंच तोंड माहीत. मशीन आणि पत्र्याची खोली आमच्याकडे राहिली. ते बाहेरून शिड्या बनवून घ्यायला लागले. आमचा फोन वाजेना. मशीनवर कापड पडलं.

पुढच्या मेळाव्याला मी म्हटलं, मीच बोलते. त्यात काय आहे? जे केलं ते सांगायचं. मंचावर गेले, समोर एवढी डोकी बघितली. तरी बोलले. म्हटलं, "ही शिडी आम्ही बनवली. आम्ही खूप पत्रे वाया घालवले. आम्ही..."

पहिल्या रांगेतून वक्ते उठले. दोन्ही हात जोडून सगळ्यांकडे वळले. "ऐकलंत ना? आम्ही म्हणजे मीच!"

सभागृह खो-खो हसलं. ते हसतहसत मंचावर आले, माझ्या हातातून माईक घेतला, अगदी हळू, लहान मुलाच्या हातातून कात्री घेतात तसा. "आमच्या वहिनींना बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या. एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या त्यांच्यासाठी!"

आणि टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांचा आवाज माझ्या कानातून गेला नाही. चहा ओतताना ऐकू यायचा, ड्रिल चालू असताना ऐकू यायचा. मी ठरवलं, आता या माणसाला पाणी पाजल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही.

ठरवून काय होतं? शिकवणार कोण? तर एक दिवस कारखान्याच्या दारातून आवाज आला, "शिडी दुरुस्त करून मिळेल का?" आणि मी टेबलावरून उठून उभी राहिले. तो आवाज मी आयुष्यभर ऐकलेला. बस स्थानकावर. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगणारा. त्या आवाजावर मी माहेरी गेले, त्या आवाजावर परत आले. बघितलं तर एक बुटकी बाई, निवृत्त झालेली, काखेत माळ्यावर चढायची मोडकी शिडी.

मी म्हटलं, "शिडी फुकट करून देते. मला बोलायला शिकवा."

"कशासाठी?"

"सूड घ्यायचाय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बरं. त्याला उच्चार स्वच्छ लागतात. उद्यापासून ये."

घोषणाबाई एकट्या राहायच्या. स्वयंपाकघरात मला उभं करायच्या आणि स्वतः भाजी निवडत ऐकायच्या. मला वाटलं होतं, हातवारे शिकवतील, आवाज वर-खाली करायला शिकवतील. छे! म्हणाल्या, "हात कशाला हलवतेस? मला स्थानकात कोणी बघत होतं का? तरी हजार माणसं उठून चालायला लागायची. का? कारण प्रत्येकाला त्याच्या गाडीचं नाव ऐकायचं असतं. तू तुझं रडगाणं सांगतेस. समोरच्याची गाडी सांग."

मी म्हटलं, रंगाऱ्याची गाडी कुठली?

"ते मला काय विचारतेस? शिड्या तू विकतेस."

दुसरं सांगायच्या ते माईकच्या बटणाचं. बोलून झालं की बटण सोडायचं. "नवीन मुली यायच्या ना, घोषणा झाली तरी बटण दाबून ठेवायच्या. मग खोकला ऐकू येतो, चहाची कपबशी ऐकू येते. बोललीस की सोड. पुढची शांतता त्यांची. ती भरायला जाऊ नकोस. ती भरायला गेलीस की मेलीस."

पण खरी खोड त्यांनी वेगळीच पकडली. मी शिडीची गोष्ट सांगायला लागले की त्या चमचा घेऊन ताटावर मारायच्या, टण्! मी थांबायची. परत सुरू करायची. परत टण्! मी चिडून म्हटलं, "चुकतंय काय ते तरी सांगा!"

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे... आम्ही. मी."

"पत्रे कोणी वाया घालवले?"

"मी."

"अंगठा कोणाचा सोलला?"

"माझा."

"मग 'आम्ही' काय करत होते, बाहेर उभे राहून विडी ओढत होते?"

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं. लहानपणापासून मी हे असंच बोलत आले. आमच्याकडे असं करतात, आम्ही असं केलं. बाईने 'मी, मी' करू नये असं कोणी शिकवलं नव्हतं, पण शिकले होते. त्या 'आम्ही'मध्ये मी माझी शिडी ठेवली होती आणि वक्त्यांनी ती तिथून उचलून नेली. कुलूप तरी कुठे होतं?

"म्हण, मी बनवली," बाई म्हणाल्या.

"मी बनवली, म्हणजे आमच्या..."

टण्!

किती दिवस तो चमचा वाजला. कारखान्यात मी ओळीने उभ्या केलेल्या शिड्यांसमोर म्हणायची, मी बनवली, मी बनवली. जाऊदे मशीन बंद करून बघायचे. त्यांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. एक दिवस मात्र मला म्हणाले, "अगं, तूच तर बनवलीस. एवढं ओरडतेस कशाला?" मी म्हटलं, हे वाक्य तुम्ही तुमच्या भावाला ऐकवलं असतंत तर मला चमचा ऐकावा लागला नसता. त्यावर ते 'जाऊ दे' म्हणाले नाहीत, ही नवीन गोष्ट होती.

मग मी शिडी खांद्यावर घेऊन बाहेर पडले. सकाळी ज्या चौकात रंगारी कामाची वाट बघत उभे असतात, तिथे गेले.  शिडी उभी केली आणि एकच विचारलं, "तुमच्यातलं कोण कोण पडलंय?"

 मग एकाने हात वर केला. मग दुसऱ्याने. मग बाह्या वर करून कोपर दाखवायला लागले, गुडघे दाखवायला लागले, एकाने तर शर्ट वर केला. ही त्यांची गाडी होती. मी शिडी उघडली, खट्! मी म्हटलं, "हा आवाज आल्याशिवाय चढू नका. हा खटका मी बनवला. मी बनवला." दोनदा म्हणायचं, हेही बाईंनीच शिकवलेलं. आणि बटण सोडलं. दुपारी कारखान्याचा फोन वाजला. पुढच्या आठवड्यात मशीनवरचं कापड निघालं.

त्या चौकात एक रंगारी होता, लांब्या. ताडासारखा उंच. मला चिडवायचा, "वहिनी, मला शिडी कशाला? मी टाचा वर केल्या की छत आलं." असा हसवायचा की बस. तो ज्या ठेकेदाराकडे काम करायचा, त्याच्याकडे वक्त्यांच्या शिड्या होत्या. वक्त्यांनी पट्टी पातळ केली होतीच. पातळ पट्टी पडते, पण वाजत नाही, त्यामुळे नीट अडकली की नाही ते कळत नाही. मग या माणसाने काय करावं? तोच दोष मोठ्या गुणासारखा विकला. "सुधारित बोलकी शिडी! आता आवाज नाही. झोपलेलं बाळ उठणार नाही!" जिभेला हाड नाही म्हणतात ते उगाच नाही.

लांब्या पडला. जिन्याच्या वरचं छत रंगवताना. मांडीचं हाड मोडलं. बातमी आली तेव्हा मी "कसा आहे?" असं विचारायच्या आधी "शिडी कोणाची होती?" असं विचारलं. विचारलं खरं. मग त्याला बघायला गेले. तो म्हणाला, "वहिनी, मी वाट बघत होतो हो, खट् होईल म्हणून. मग वाटलं, ही बिनआवाजाची आहे, झालं असेल." 

आणि मग मेळावा आला. लांब्या पहिल्या रांगेत, पाय प्लास्टरमध्ये, बाजूला कुबड्या. आमचे वक्ते मंचावर, त्यांची शिडी शेजारी. 'आमच्याच शिड्या घ्या' म्हणायला आले होते, पण या वेळी संघटनेच्या अध्यक्षांनी मधेच थांबवून सरळ विचारलं, "आमचा माणूस तुमच्या शिडीवरून पडला. ही शिडी बनवली कोणी?"

मी मागे बसले होते. शेजारी जाऊदे, त्यांच्या पायाशी आमची शिडी. पलीकडे घोषणाबाई. मी कान टवकारले. आता कुठलं येतंय, मी, आपण की आम्ही?

"आम्ही बनवली," वक्ते म्हणाले. मला हसू फुटणार होतं. पण ते पुढे बोलले. आवाज एकदम खाली आणून, डोळ्यांत पाणी आणून. "आज मी एक गोष्ट कबूल करतो. तो खटका माझा नाही. कल्पना पूर्णपणे आमच्या वहिनींची. श्रेय त्यांचं आहे. त्या मागे बसल्यात. मी फक्त त्यांच्यावर विश्वास ठेवला."

सगळ्या माना मागे वळल्या.

बघा हं. किती वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत होते! मागच्या रांगेत बसून, आता म्हणतील, आता म्हणतील. आणि म्हणाले कधी, तर मोडलेला माणूस समोर बसवून. हार हवा होता तेव्हा हार स्वतःच्या गळ्यात, आणि आता धोंडा आला तो माझ्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'माझा नाही' म्हणावं तर शिडी हातची गेली. 'माझा आहे' म्हणावं तर लांब्याचा पाय माझ्या माथी. वक्त्यांनी पक्का विचार करून फास टाकला होता, आणि त्यांना खात्री होती की मी उठून "आम्ही, आम्ही" करणार.

मी उठले. जाऊदेंकडे बघितलं. म्हटलं, आता जर हे जाऊ दे म्हणाले तर इथेच घटस्फोट.  त्यांनी आमची शिडी उचलली आणि माझ्या पुढे चालायला लागले. मोडून जोडलेल्या मनगटाने उचललेली. मंचावर नेऊन ठेवली आणि बाजूला उभे राहिले.

मी माईक घेतला. मागितला नाही, घेतला.

"भावोजी खरं बोलले," मी म्हटलं. "खटका मी बनवला. खटका मी बनवला. तो असा बोलतो." शिडी माईकजवळ उघडली. खट्! आवाज मागच्या भिंतीवर जाऊन आपटला. "हा ज्याने ऐकलाय तो पडलेला नाही."

मग मी वक्त्यांच्या शिडीकडे गेले. माईक तिच्या खटक्याजवळ धरला आणि शिडी उघडली.

काही नाही.

माईक चालूच होता, मी बोलण्याचं बटण सोडलं. सभागृहात पंखे फिरत होते तेवढेच ऐकू येत होते. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली.

वक्त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण जीभ कुठे थांबते? "हे सुधारित मॉडेल आहे, वहिनी. बिनआवाजाचं. झोपलेलं बाळ उठू नये म्हणून..."

"बाळ नाही उठलं," मी म्हटलं. "लांब्याही नाही उठला अजून."

पहिल्या रांगेतून कोणीतरी "आई गं" म्हटलं. हसलं कोणी नाही. मी माझ्या शिडीवर चढले. एक एक पायरी, अगदी टोकाला. वरून सगळे दिसत होते, चौकातले चेहरे, ठेकेदार, अध्यक्ष. वक्त्यांची टाळूही दिसली, तिथले केस विरळ झालेत.

"दोन वर्षांपूर्वी इथेच तुम्ही म्हणालात, मी बनवली," मी वरून म्हटलं. "झोपलो नाही, खाल्लं नाही, मी बनवली. या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तुमच्याच. मी परत मागत नाही. ही शेजारची शिडी तुमची आहे, भावोजी. पट्टीही तुमची. चढा."

आणि परत सोडलं.

ते हसायचा प्रयत्न करत होते. शिडीच्या दांड्यावर नेहमीसारखा हात ठेवला, मग काढला. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. शिडी जराशी हलली. सगळे बघत होते तो पाय. मला त्या क्षणी आठवलं, नववीतला मुलगा भाषणात अडला की माझ्याकडे असाच बघायचा, शब्द सुचवेल म्हणून. आत्ताही बघितलं. मी सुचवला नाही.

त्यांनी पाय खाली घेतला.

मग माझ्या शिडीजवळ येऊन, हळूच, निदान त्यांच्या मते हळूच, म्हणाले, "वहिनी, आपण घरी बोलू." मी ऐकायला खाली वाकले होते, आणि माईक माझ्या हातात चालू होता. 'आपण घरी बोलू' सगळ्या सभागृहाने ऐकलं.

"घरी मी खूप बोलले, भावोजी," मी म्हटलं. "तिथे टाळ्या नसतात."

मागच्या रांगेत घोषणाबाईंनी मूठ उघडून दाखवली. सोड, बास. मी आणखी दहा गोष्टी सांगू शकले असते, इस्त्रीपासून. पण सोडलं आणि खाली उतरले. लांब्याने कुबडी जमिनीवर आपटली. "वहिनी, तो आवाज परत एकदा काढा की!" मी शिडी मिटली आणि उघडली. खट्! त्याने डोळे मिटून ऐकला. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि वर्षभर कानात घुमणाऱ्या त्या जुन्या टाळ्या कुठल्या कुठे गेल्या.

वर्षाचं काम आम्हाला मिळालं. नाही, परत चुकले. मला मिळालं. बाईंनी ऐकलं असतं तर चमचा वाजला असता. वक्त्यांच्या शिड्या ठेकेदारांनी त्याच आठवड्यात त्यांच्या दुकानापुढे आणून टाकल्या, रस्त्यापर्यंत रांग. मी त्या दिवशी मुद्दाम त्या रस्त्याने गेले. काम काहीच नव्हतं तिकडे.

पण मला आठवतो तो मेळावा संपतानाचा दरवाजा. लोक बाहेर पडत होते, मी शिडी उचलत होते, आणि वक्ते समोर आले. चार माणसं बघत होती, म्हणूनच आले असणार. चेहऱ्यावर तेच इस्त्री केलेलं हसू. वाकून त्यांनी शिडीचं दुसरं टोक धरलं.

"द्या वहिनी, आपण नेऊ."

"सोडा," मी म्हटलं. "मी नेते."

शिडी जड आहे, पट्टी जाड आहे ना. जाऊदे दोनदा म्हणाले, दे इकडे, तर त्यांनाही दिली नाही. घरापर्यंत एकटीने नेली. पुढे बरेच दिवस खांदा दुखत होता, आणि दुखला की मला हसू यायचं.